आत्तेने आंब्याला दिलेला ताण

विज्ञान माणसाला नम्र करतं म्हणतात. मला त्याने आधी फुगवलं. त्यातली हवा नंतर आत्तेने काढली.

एकसष्ट-बासष्टची गोष्ट. मी कोल्हापूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होतो, म्हणजे घरच्यांच्या समजुतीप्रमाणे शिकत होतो. घरी कोकणात विहिरीजवळ आत्तेचं हापूसचं कलम होतं. तिने ते वेंगुर्ल्याहून एस.टी.त मांडीवर बसवून आणलं होतं आणि अर्धं तिकीट पडेल म्हणून वाटभर पदराखाली झाकलं होतं. दहा वर्षं झाली तरी त्याला मोहर नव्हता. न्हाणीचं पाणी, शेण, राख, सगळं त्याच्याच बुंध्याशी. पानं बघावी तर केळीशी स्पर्धा!

त्या वर्षी वडिलांनी निकाल दिला. "संक्रांतीपर्यंत मोहर नाय इलो तर कुराड. माका हयसर गोठो बांधूचो आसा."

आत्तेने कुणाकडून तरी मला कार्ड लिहवून पाठवलं: काहीतरी उपाय सांग. मी नुकतंच प्राध्यापकांकडून ऐकलं होतं की देशावर संत्र्यामोसंब्याच्या बागांचं पाणी तोडतात आणि त्याला 'ताण देणे' म्हणतात. तहानलेलं झाड वाढ आवरतं, मग फुलतं. मी ऐटीत शुद्ध मराठीत उत्तर पाठवलं: 'पावसाळा संपताच झाडास भरपूर ताण द्यावा.' पाण्याचं नाव काढलं नाही. इतकी साधी गोष्ट लिहायला मी काय शेतकरी होतो?

नाताळच्या सुट्टीत घरी आलो तर आंब्याच्या सगळ्यांत जाड फांदीला काथ्याचा दोर करकचून आवळलेला, त्याचं दुसरं टोक विहिरीच्या खांबाला. दोर वीणेच्या तारेसारखा ताठ. आणि त्या एकाच फांदीवर मोहर! बाकी झाड पूर्वीसारखंच हिरवं, निर्लज्ज.

"बघलंस?" आत्ते म्हणाली. "तू लिवलंस, तसो ताण दिलंय. शेजारच्या तांडेलान येवन बांधल्यान. होडयेचो दोर ताणतत, तसो."

"आणि पाणी?"

"दोन घागरी जास्ती. ताणलेल्या जिवाक तहान लागूची नाय?"

मी दोराची गाठ चाचपून पाहिली. मग पुस्तक आठवलं आणि मनातल्या मनात उत्तर जुळवलं. पानांत तयार झालेली साखर सालीखालून मुळांकडे उतरते. दोर सालीत रुतला, वाट अडली, साखर फांदीतच तुंबली. अशा अडचणीत वाढीचं संप्रेरक मागे पडतं, आणि वाईट दिवस आले असं समजून झाड पालवीऐवजी वंशाच्या काळजीला लागतं. मी हे वडिलांना इतक्या ठासून सांगितलं, जणू दोराचा बेत माझाच होता. वडील म्हणाले, "कॉलेजाचा पाणी लागला वाटता तुका." दोन दिवस मी अंगणातून शास्त्रज्ञासारखा हिंडलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर आत्ते आणि शेजारचा तांडेल खुद्द बुंध्याभोवती दोराचे वेढे घालत होते.

"ह्या काय, आत्ते?"

"एक फांदी फुलली, आता आख्ख्या झाडाक ताण!"

तांडेलाने पाय बुंध्याला लावून दोर खेचला आणि मी धावलो. फांदी एक वेळ सोसेल. बुंधा आवळला तर मुळांना साखरच मिळणार नाही, आणि झाड उपाशी मरेल. कुऱ्हाडीचं काम माझ्या पोस्टकार्डाने झालं असतं.

"सोडा!" मी ओरडलो. "ताण म्हणजे दोर नाही. पाणी बंद करायचं, एवढंच मला म्हणायचं होतं."

तांडेलाने दोर ढिला केला. वडील ओसरीवरून उठून आले. आत्तेने हातातला दोर टाकला.

"मगे दोन दीस सांगी होतंस ता?"

"ते नंतर सुचलं."

"मेल्या, तुजा ज्ञान कार्डातच ऱ्हवला आणि माजी चूक मोहराक इली!"

तांडेल हसता हसता खाली बसला. फांदीचा दोरही त्यानेच सोडला. पाणी बंद करायला मात्र आत्ते तयार होईना. तहानलेलं झाड तिला बघवणार नव्हतं म्हणे. शेवटी न्हाणीचं पाणी माडांकडे वळवणारा चर मलाच खणावा लागला. हाताला फोड आले. त्या ताणाने मला काही मोहर आला नाही.

वडील मोहराच्या फांदीखाली जाऊन मान वर करून बघून आले. मग आत्तेला म्हणाले, "अट मोहराची होती, तो इलो. पण गो, फांदी एकच फुलली हा. तेवां गोठो बांधतंय, पण अर्धोच. आणि तो तिकडे, माडाखाली."