जिन्यातला दिवा

माझ्या मामाइतका चक्रम वायरमन मी दुसरा पाहिला नाही. कुणाच्याही घरी कामाला गेला की आधी मेनमधला चिनीमातीचा फ्यूज उपसायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. मामा स्टुलावर उभा असताना एका घरातल्या कुणा शहाण्यानं "लाइट का गेली?" म्हणत मेन चालू केला होता, तेव्हापासूनची ही सवय. सवय चांगलीच हो, पण काम संपल्यावर फ्यूज परत लावायचा असतो ना? आमचा मामा चहा प्यायचा, गप्पा हाणायचा आणि लोकांचा फ्यूज खिशात घेऊन सरळ घरी यायचा. मागोमाग बिचारी अंधारातली माणसं दारात हजर. सगळे त्याला फ्यूजमामाच म्हणायचे.

आणि स्वतःच्या घरात काय दिवे लावले होते? खाली सामानाची खोली आणि न्हाणीघर, वर दोन खोल्या, मधे चौदा पायऱ्यांचा जिना. त्या जिन्याच्या दिव्याचं बटण फक्त खाली. म्हणजे दिवा लावायला अंधारात जिना उतरा. मामी तीस वर्षं सांगत होती, "अहो, वरही एक बटण द्या." मामा तीस वर्षं म्हणत होता, "उद्या करतो." मला त्याचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

मग मामीची नजर कमी होत गेली. डॉक्टर म्हणाले, गेली ती परत यायची नाही. दिवेलागणीनंतर तिला जवळजवळ दिसेनासं झालं, आणि एका संध्याकाळी ती तिसऱ्या पायरीवरून घसरली. मनगट मोडलं. मामेभाऊ धावत आला. "आईला मी घेऊन जातो. माझ्याकडे लिफ्ट आहे. बाबांना यायचं तर येऊ देत," म्हणाला. मामी त्याच्यासमोरून उठली. मी भांडी विसळत होते, तिथं येऊन हळूच म्हणाली, "इथल्या भिंती मला पाठ आहेत गं. तिथं मी नुसती एका खुर्चीत बसून राहीन."

ते मामानं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी टायमर घेऊन आला. आत छोटं घड्याळ आणि बाहेर गोल तबकडी, साडेसहाला दिवा आपोआप लागणार. मी बघायला जिन्यात बसले. घरचंच काम म्हणून फ्यूज न काढता मामानं नुसतं बटण बंद केलं, दिवा विझला, बल्ब काढला आणि सहज म्हणून होल्डरात टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा पेटला. पुन्हा टेकवला, पुन्हा पेटला. मामा मटकन पायरीवर बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"बटण फेजवर हवं, करंट येतो त्या तारेवर. मी परतीच्या न्यूट्रलवर दिलंय," तो म्हणाला. "दिवा विझतो, पण होल्डरात करंट तसाच. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याला हाकलून दिलं असतं. आणि इथला बल्ब तीस वर्षं तुझी मामीच बदलते."

तो रडत होता. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

वरून मामी भिंत धरत उतरली. "एवढं काय त्यात? फ्यूज काढल्याशिवाय मी कधी बल्बला हात लावलाय का? काढायचा आणि पदराच्या गाठीत बांधायचा. तुमचं बघूनच शिकले ना. फक्त मी परत लावत होते."

मामा रडतारडता हसला. मग फ्यूज काढला, खिशात टाकला आणि सगळं नव्यानं केलं. फेज आधी टायमरमधून आणि मग दिव्याला, न्यूट्रल सरळ. वरच्या दारापाशी टायमर बसवला, शेजारी हातानं लावायचं एक बटणही दिलं. तीस वर्षांचं काम दुपारभरात झालं. त्या टायमरची एकच खोड होती. लाइट गेली की त्याचं घड्याळही थांबायचं आणि तेवढं मागं पडायचं. मामीला तबकडीवरचे आकडे दिसत नसत, म्हणून मामा ती पुढं करायचा.

वर्षभरानं मामा गेला. मग लाइट गेली की मी जाऊन तबकडी पुढं करू लागले.

दोन महिन्यांनी मामेभाऊ आला, एक मोठी रिकामी बॅग घेऊन. "आता मात्र तुला इथं एकटी ठेवणार नाही," म्हणाला. मामी म्हणाली, "संध्याकाळी जिना बघ, मग ठरव." साडेसहाला आम्ही तिघं खालच्या पायरीवर उभे. साडेसहा वाजले. दिवा लागला नाही. दुपारी लाइट गेली होती आणि तबकडी पुढं करायची मी साफ विसरले होते.

"बघितलंस?" मामेभाऊ म्हणाला आणि मोबाइलचा उजेड पाडला.

"बंद कर ते," मामी म्हणाली. "दुपारी रेडिओ बंद पडला तेव्हा दोनची वेळ सांगत होते. आला तेव्हा दोन चाळीस. सात दहाला लागेल. बस खाली."

"आई, वर बटण आहे ना? मी लावतो."

"लावू नकोस. बस."

मी तोंड उघडणार होते, पण मामीनं माझा हात दाबला. तिघंही अंधारात पायरीवर बसलो. मामेभावानं चारदा घड्याळ पाहिलं. मला मामाची इतकी आठवण येत होती की बोलायची सोय नव्हती. आणि सात दहाला वर खट्ट झालं, दिवा लागला. चौदाच्या चौदा पायऱ्या दिसल्या.

मामेभाऊ उठला, रिकामी बॅग सामानाच्या खोलीत सरकवली आणि म्हणाला, "आई, ती तबकडी पुढं करायला फ्यूज काढावा लागतो का?"

"नाही रे," मामी म्हणाली. "पण कधी काढलास तर खिशात ठेव. आणि जाताना परत लाव."