मायच्या हातांवरचा फवारा

पाटलाच्या मागच्या दाराशी माय हात वर करून उभी होती आणि मी तिच्यावर औषधाचा फवारा मारत होतो.

"मार बे, चांगला मार," पाटील ओट्यावरून म्हणाला. "तुमच्या मोहल्ल्यातूनच आला ना हैजा?"

मारला. पदरावर, पाठीवर, पायांवर. माय एवढंच म्हणाली, "डोळ्यात नको मारू रे. आत मले दिसलं पाहिजे."

आत पाटलाची सून अडली होती. माय सुईण. त्या सुनेचा नवरासुद्धा मायच्याच हातांवर जन्मलेला. आम्ही धम्म घेतल्याला वीस वर्षं होऊन गेली होती. मायसाठी दार मात्र मागचंच होतं.

आता माझ्या शहाणपणाविषयी. त्या साली परे भरायच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत हैजा, म्हणजे कॉलरा, आला. आंधळगावचा बाजार बंद झाला, आमच्या मोहल्ल्याची वाट अडवायला बोरीच्या काट्या पडल्या, आणि मला रोजंदारीवर सरकारी पंप मिळाला. नववी नापास माणसाच्या पाठीवर पंप आला की काय होतं, ते मला विचारा. पायात चप्पल नव्हती, पण चालायचो फौजदारासारखा. विहिरीत ब्लीचिंग पावडर किती, नालीत किती, हे आरोग्य खात्याचे साहेब शिकवत होते तेव्हा मी खिडकीतून त्यांची जीप पाहत होतो. पाटील म्हणाला, "कडक कर." मला वाटलं, विद्या दाखवायची हीच वेळ. नालीला लागते त्याच्याही दुप्पट पावडर बादलीत कालवली.

"हात बुडव त्यात," पाटील मायला म्हणाला.

मायनं कोपरापर्यंत हात बुडवले. थोड्या वेळानं विचारलं, "बस?" पाटलाला नाही, मला.

मी पाटलाकडे पाहिलं. मग म्हणालो, "अजून."

पाटलाला नातू झाला. सून वाचली. माय मागच्याच दारानं बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातांची सालटं निघाली. बोटं मिटेनात. आणि तिसऱ्या दिवशी शेजारची सखूवहिनी अडली.

नर्सबाईच्या उपकेंद्राला कुलूप. बाई तीन कोसांवर, शाळेत उघडलेल्या हैज्याच्या दवाखान्यात ड्यूटीवर. सायकल मागून घेतली आणि गेलो. तिथला डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "उलट्या-जुलाब असतील तर आण. बाळंतपणं सध्या बंद आहेत."

मी हसलो. घाबरलो की मला हसू येतं, जुनी खोड. बाळंतपणं बंद. जसा बाजार बंद. नर्सबाई सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिली.

परत आलो तर माय उंबऱ्यावर बसलेली, हातांना चिंध्या. आतल्या बायांना तोंडी सांगत होती, "आता दाबू नको. थांब. खांदा आला का? हळू, हळू." दोन दिवस ती अशी सांगत होती. हातांचं काम तोंडानं होत नाही.

पोर मेलेलं निघालं. सखूवहिनी जगली, पण आतून फाटली. लघवी थांबेना. दिवसरात्र गळायची. तिनं आपलं अंथरूण आपणच गोठ्यात नेलं. नवरा दारातूनच परत फिरायचा. म्हणायचा, "वास येते." विशीतली बाई. गोठ्यातून रात्रंदिवस कपडे धुतल्याचा आवाज यायचा.

मला कोणीच शिवी दिली नाही. दिली असती तर चार माणसांत बसायला तरी जागा झाली असती. मी भात कालवून मायच्या तोंडाजवळ घास नेला. तिनं मान फिरवली. ती शेजारणीच्या हातून जेवली. मी कालवलेला भात मीच खाल्ला, कोपऱ्यात बसून.

आठव्या दिवशी पाटील काट्यांपर्यंत आला. "सुनेले ताप हाये. अंगावरून जाऊन राहिलं. तुह्या मायले घेऊन ये. अन् पंप घे."

मी आठ दिवस मनात एक भाषण घोटून ठेवलं होतं. त्यातला पहिलाच शब्द निघाला, "नाही!" आणि जोरात पंप आपटला. तो माझ्याच पायावर पडला. क्रांती लंगडतच सुरू झाली.

तेवढ्यात माय बाहेर आली. "फवारा तू मारला. आता 'नाही' बी तूच म्हणशील? माहं 'नाही' मले म्हणू दे."

तिनं चिंध्या सोडल्या. "पाटील, हे हात पाहा. पू हाये यात. यानं मी बाळंतिणीले शिवणार नाही, मरून जाईल पोरगी. नर्सबाईले आणा. अन् यापुढं माह्या अंगावर कोणाचाच फवारा नाही. मंग कोणाच्या घरी कोणी बी अडो."

पाटील आल्या वाटेनं गेला. दुपार कलायच्या आत त्याच्या दारात सरकारी जीप. आत नर्सबाई.

बाळंतपणं बंद होती ना?

म्हणजे बाई मिळत होती. तीन कोस होते, ते आमच्यासाठी.

मी गोठ्यात गेलो. सखूवहिनी कपडे धूत होती. म्हटलं, "वहिनी, नर्सबाईपाशी चालता का?" तिनं हातातला कपडा पिळून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "खाट आणा."

चौघांनी खाट उचलली. काट्या पायानं सारल्या. माय पुढं. पाटलाच्या पुढच्या दाराशी, जीपच्या तोंडासमोर खाट ठेवली.

"हटव बे खाट," ड्रायव्हर ओरडला.

नर्सबाई पाटलाच्या घरातून बाहेर आली. ओली चादर पाहिली. खालच्या आवाजात म्हणाली, "मला ऑर्डर नाही रे दादा. फक्त हैज्याची."

मी तोंड उघडलं. मायनं पाहिलं. मी मिटलं.

सखूवहिनी उठून बसली. चादर अंगावर ओढली नाही. सगळ्या गावादेखत म्हणाली, "मले तपासा बाई. माहं नाव लिहा. अन् मोठ्या दवाखान्यात धाडा. तोवर जीप जाणार नाही."

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं.

मी जाऊन पुढच्या चाकाला पाठ लावून बसलो.