ट्रक वळायला ठेवलेली जागा

मी घर सोडलं तेव्हा उंबऱ्यातच भांडण झालं. आबा, म्हणजे आमचे वडील, पायरीवर बसून मिश्री लावत होते. मी पत्र्याची पेटी उचलली तसे माझ्याकडं न बघताच म्हणाले, "जा. दुसऱ्याच्या गाडीवर गडी म्हणून राबायला जा." मी तेव्हा वीस-बाविशीचा. शाळा चौथीत सुटलेली, पण तोंडाला कुलूप नव्हतं. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोललो, "आता स्वतःची गाडी घिऊन यीन तवाच हा उंबरा वलांडीन." आई मधे दह्याची वाटी घेऊन उभी होती. दही खाल्लं. आबांच्या पाया मात्र पडलो नाही.

दत्तू, तू माझा धाकटा भाऊ, पण हे तुला नीट ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितोय. परवा तू फोनवर विचारलंस, "दादा, घरापुढच्या मोकळ्या जागेत दोन खोल्या काढू का?" आणि मी फोन ठेवून दिला. राग नव्हता. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आपल्या गावची जी घरं इकडं चिखली-मोशीला आहेत, त्यांनीही हे वाचावं. गाव त्यांनीही सोडलंय.

पिंपरीत आधी हमाली केली, मग गाडी शिकलो. त्यानंतर चौतीस वर्षं चाकण ते हैदराबाद, विजयवाडा, मद्रास. कंपनीच्या गेटवर मला बघितलं की सुपरवायझर म्हणायचा, "काचा काकांच्या गाडीत भरा." गाड्यांच्या काचा म्हणजे सगळ्यात नाजूक माल. माझ्या हातून एक फुटली नाही. आजची पोरं मोबाईलला रस्ता विचारतात. मला रस्त्यातला खड्डान् खड्डा पाठ होता. ही फुशारकी आहे, पण खरी आहे. स्वतःची गाडी मात्र झाली नाही. पोराचं शिक्षण आणि मोशीच्या दोन खोल्या झाल्या, तेवढंच.

आणि गाडी नाही म्हणून घरी जाणं नाही. माझं लग्न मुलीच्या गावी लागलं आणि आम्ही तिथनंच चिंचवडला आलो. तुझ्या लग्नात मी मांडवात जेवलो आणि शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. लोक हसले. हसू दे म्हटलं.

आई भेटायची ती फाट्यावर. सोलापूर रोडला आपल्या गावचा फाटा, तिथून गाव दीड कोस आत. निघताना चहावाल्याच्या फोनवर निरोप ठेवायचो. दुपारी पोचलो की आई डबा घेऊन बाकड्यावर बसलेली असायची. मी म्हणायचो, "भरल्याली गाडी हमरस्ता सोडून आत न्यायची नसती, आये. परक्याचा माल हाय." नियम खरा होता. मी त्याच्या आड लपत होतो, तेही खरं. ती "बरं" म्हणायची. मग गाडीला हात लावत पुढच्या बंपरपासून मागच्या फाळक्यापर्यंत चालत जायची, ओठ हलवत. मला वाटायचं, देवाचं काहीतरी म्हणते.

एकदा सोलापूरला माल उतरवून रिकामा परत येत होतो. आईनं गाडीकडं बघितलं आणि म्हणाली, "आज रिकामी हाय. चाकावरची स्प्रिंगाची पाटं वर उठल्यात."

चहावाला हसला, "मावशे, तू आरटीओत लाग की गं!"

ती हसली नाही. "मग आज घरी चल. तुझा बाप तोंडानं म्हननार न्हाई."

मी म्हणालो, "चाकणला लोडिंग थांबलंय, आये." लोडिंग दुसऱ्या दिवशी होतं. तिनं डबा केबिनमध्ये ठेवला आणि मी क्लच दाबला. ती आमची शेवटची भेट.

ती गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी अहमदाबादकडं होतो. माल पोचवला, गाडी चाकणला लावली आणि एसटीनं गावी आलो. तिसरा दिवस होता. उंबरा गाडीशिवायच ओलांडला. तू राख सावडायची तयारी बघत होतास. आबा पायरीवरच होते. म्हणाले, "गाडी कुठं लावलीस?"

"मालकाची हाय. चाकणला."

"हितं आनायचीस. वळायला जागा हाय की."

मी पहिल्यांदाच अंगण नीट बघितलं. दारातल्या दोन बाभळी नव्हत्या. गोठा घरामागं गेलेला. पाणी साचतं म्हणून गोठा हलवला, असं आबांनी तुला सांगितलं होतं. मला म्हणाले, "तिनं मोजून आनलं. सोळा पावलं गाडी. वळायला वर चार धरली."

त्या वेळी मी त्यांच्या पाया पडलो. आता तेही नाहीत.

तर दत्तू, खोल्या बांध. माझी गाडी आता येणार नाही. हे एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, लायसन पेटीत पडलंय. त्या जागेत आता गाडीची वाट बघणारंही कुणी उरलं नाही.

इकडची पोरं विचारतात, "काका, तुमचं घर कुठलं?" मोशीचं लाईटबिल माझ्या नावावर येतं, गावचा उतारा तुझ्या. मी त्यांना फाट्याचं नाव सांगतो.

पाया घालशील त्या दिवशी येईन. फाट्यावर आता पूल झालाय, एसटी वरून निघून जाते. कंडक्टरशी भांडून खाली उतरीन. मोटरसायकल पाठवू नकोस. दीड कोस तर आहे. आई हातात डबा घेऊन चालत यायची.