कोपरा फाटलेले कार्ड

माल्टा बेटावर मी उतरलो तो हवापालटासाठी नव्हे. विलायतेत छपाईचे काम शिकून मी मुंबईच्या बोटीने परत निघालो होतो. वाटेत ताप भरला आणि बोटीच्या डॉक्टरने मला बेटावरच्या इस्पितळात उतरवून दिले. तीन आठवड्यांनी ताप गेला. पुढच्या बोटीत जागा मिळायला आणखी महिना लागणार होता. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षे. ऑक्टोबर सरत आला होता.

बंदराच्या वरच्या अंगाला एका विधवा बाईच्या घरी मी खोली घेतली. इंग्रज पाहुणे तिथे थंडीत येत. तोपर्यंत आठांपैकी सात खोल्यांना कुलूप होते आणि गाद्या गुंडाळून सुतळीने बांधून ठेवलेल्या होत्या. सकाळी दारात शेळ्यांचा कळप येई आणि गवळी भांड्यात समोरच दूध काढून देई. डॉक्टरने मला ते दूध वर्ज्य सांगितले होते. सगळे शहर एकाच पिवळसर दगडाचे. घरांना हिरव्या लाकडाचे बंद सज्जे. गावाबाहेर शेतांना फड्या निवडुंगाची कुंपणे होती, आमच्या नाशिकला त्र्यंबकच्या रस्त्याला असतात तशीच. फरक इतकाच की तिथले लोक त्याची बोंडे सोलून जेवणानंतर खात.

माझे वडील तेव्हा सत्तरीला आले होते. पेन्शन घेऊन बरीच वर्षे झाली होती. मी विलायतेला निघालो तेव्हा नातेवाइकांनी मला बजावले होते की थोरल्या मुलाने या वयाच्या बापाला सोडून समुद्र ओलांडू नये. वडील एवढेच म्हणाले होते, “तू जाऊन ये. मी आहे.” त्यांचे दर आठवड्याला एक कार्ड येई. वर मधोमध श्री, खाली तिथी, मग त्यांचे टोकदार मोडी वळणाचे अक्षर. विलायतेत एकही आठवडा चुकला नव्हता.

बेटावर आलेले पहिले कार्ड बाईने जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवले होते. अक्षर काकांचे होते. कार्डाचा वरचा कोपरा फाटलेला होता.

आपल्याकडे मृत्यूची बातमी देणाऱ्या पत्रावर श्री घालत नाहीत आणि त्याचा कोपरा फाडून मग ते पोस्टात टाकतात. वाचणाऱ्याला मजकुराआधीच कळावे, हा हेतू. या कार्डाचा कोपरा मोठा गेला होता, जवळजवळ तिसरा हिस्सा. श्री नव्हती. पहिल्या ओळी गेल्या होत्या. उरलेला मजकूर असा होता: “काळजी करू नये. वहिनींची प्रकृती ठीक आहे. तू येईपर्यंत इकडचे सर्व मी पाहतो. बोटीची तारीख कळव.” आईचा उल्लेख होता. वडिलांचा नव्हता.

विलायतेला जाण्याआधी मी नाशिकच्या एका साप्ताहिकात होतो; तिथल्या संपादकांचा एक नियम होता. मृत्यूची बातमी एका तोंडून आली तर छापायची नाही. दुसरा आधार मिळेपर्यंत छपाईचे खिळे नुसते जुळवून ठेवायचे. त्या नियमाखाली मी सहा वर्षे काम केले होते. त्या कार्डाच्या बाबतीत तो मला आठवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदराजवळच्या न्हाव्याकडे गेलो आणि त्याला डोके व मिशी दोन्ही काढायला सांगितले.

“उवा झाल्या?” त्याने विचारले. तो मोडके इंग्रजी बोले.

“वडील वारले.”

त्याने छातीवर क्रूस काढला, दुकानाचे दार लावून घेतले आणि कामाला लागला. नंतर मी खाली समुद्रात उतरून स्नान केले. पाणी गार होते. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले होते.

त्याच दिवशी मी तार केली, तपशील विचारण्यासाठी. घरी तार करणे बरे वाटेना. त्या दिवसांत तारवाला दारात दिसला तरी बायका रडू लागत. म्हणून ती साप्ताहिकाच्या कचेरीवर केली. “वडिलांविषयी तपशील कळवा.” दोन दिवसांत उत्तर अपेक्षित होते. ते आले नाही. मी गादी उचलून ठेवली आणि फरशीवर झोपू लागलो. दहावा दिवस कधी येतो ते मोजले. घरी पिंड कोण देईल, काका की धाकटा भाऊ, याचा विचार केला. “मी आहे” म्हणणारा माणूस आपण नसताना गेला, याच्या पुढे विचार जात नसे.

पाचव्या दिवशी उत्तर आले. “वडील ठणठणीत. आजच फराळाला कचेरीत आले होते. चौकशी कशासाठी?”

तार मी तीनदा वाचली. कचेरी दिवाळीसाठी बंद होती आणि माझी तार दाराच्या फटीतून आत पडून राहिली होती, हे मग लक्षात आले. बेटावर दिवाळीची खूण कुठेच नव्हती. मी पायऱ्या उतरून बंदरावर गेलो, पुन्हा वर आलो, आणि चांगलीच भूक लागल्याचे जाणवले.

जेवताना मी बाईला सगळे सांगितले आणि कार्ड दाखवले. तिने ते उलटसुलट केले.

“हे मी फाडले,” ती म्हणाली. “तिकिटासाठी. चर्चमध्ये तिकिटे गोळा करतात, दूरच्या मिशनसाठी. तुमच्या देशाची माझ्याकडे कमी आहेत.”

“पण केवढा तुकडा काढलात.”

“तिकिटाला इजा होऊ नये म्हणून. तुमच्याकडे कोपरा फाडला की माणूस मरतो?”

“बातमी तशी समजतात.”

तिने कार्ड टेबलावर ठेवले. “गेल्या थंडीत तुमच्याकडचे एक डॉक्टर इथे होते. त्यांचीही सगळी तिकिटे मी काढली.”

“त्यांनी डोके केले होते?”

“त्यांना टक्कलच होते.”

मग तिने तिकिटांची बरणी आणून टेबलावर उपडी केली. तुकडा सापडला. तो मी कार्डाला लावून पाहिला. श्री होती. खाली काकांनी लिहिले होते की तुझ्या वडिलांचे उजवे मनगट मुरगळले आहे, लिहिता येत नाही म्हणून मी लिहितो, बारा-पंधरा दिवसांत बरे होईल. बाईने त्या दिवशी जेवणानंतर निवडुंगाची बोंडे सोलून ठेवली. मी चार खाल्ली. गोड असतात, बिया फार. गादी पुन्हा खाटेवर टाकली आणि उजाडेपर्यंत झोपलो.

नाशिक रोडला उतरलो तेव्हा डोके करून महिना होत आला होता, पण केस बोटभरही नव्हते. मी टोपी घट्ट बसवली होती. वडील काकांबरोबर फलाटावर आले होते. मी वाकून नमस्कार केला तेव्हा टोपी पडली.

वडिलांनी पाहिले. काकांनीही पाहिले.

“मिशीसुद्धा?” वडील म्हणाले.

“हो.”

“म्हणजे नीट केलंस. अर्धवट काही नाही.”

टांग्यात मी सगळे सांगितले. काका म्हणाले, “अरे, मनगट होतं रे ते. मनगटाला कोणी डोकं करतं का?”

“करू दे,” वडील म्हणाले. “मेल्याच्या खोट्या बातमीनं आयुष्य वाढतं म्हणतात. दहा वर्षं तरी धरतो मी.”

आईने मला उंबऱ्याबाहेर थांबवले, भाकरीचा तुकडा उतरून टाकला, आणि आधी गंगेवर जाऊन अंघोळ करून ये म्हणाली. बापाच्या देखत हे रूप घेऊन घरात यायचे नाही, हे तिने पुढेही दोन दिवस ऐकवले.

रविवारी सकाळी वडिलांची दाढी करायला नेहमीचा न्हावी आला. तो दारात माझ्याकडे पाहून थबकला. मग त्याने धोकटी खाली ठेवली आणि डोळ्यांना उपरण्याचे टोक लावले.

“कधी झालं, दादा? आम्हाला कळवलं बी नाय.”

आतून वडिलांचा आवाज आला. “ये रे. पाणी गरम ठेवलंय.”

न्हाव्याने एकदा दाराकडे पाहिले, एकदा माझ्या डोक्याकडे. मग धोकटी उचलून आत गेला. थोड्या वेळाने त्याचाच आवाज ऐकू आला. “मालक, पण आम्ही गावात असताना परक्या माणसाकडून करून घेतलं, हे काय बरं नाय.”

“पुढच्या वेळी तुझ्याकडेच करील,” वडील म्हणाले. “घाई नाही. वस्तरा नीट लाव.”