अडल्या माणसाला भाव सांगू नये

वऱ्हाडात माणूस काहीही विचारतो. बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाई, तिकीट निघायच्या आत, तुमच्या पोरीचं लग्न काहून नाही जमलं ते विचारून मोकळी होते. पगार किती, दुखणं कोणतं, सुनेशी पटतं की नाही, सगळं. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीला याचा फार राग येतो. मी तिला सांगते, बाई, आम्ही विचारतो ते बरं, तुम्ही न विचारता अंदाज बांधता. पण अकोल्याच्या जुन्या शहरात, निदान मोर्णेच्या काठच्या आमच्या गल्लीत, एक गोष्ट कुणी कुणाला विचारत नसे. घर विकता का, ही. ते बोलून दाखवायचं घरमालकानं. आणि त्यानंही दलालाकडे जाण्याआधी भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याला सांगायचं. शेजारी नको म्हणाला, तरच बाहेर. हे दोन नियम कुणी लिहून ठेवले नव्हते, पण गल्ली त्यांच्यावरच चालायची.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. तेल्हारा, अंजनगाव, सगळ्या गाड्यांवर आयुष्य गेलं. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, पण एकदम नाही, कडेकडेनं गेली. त्यामुळे गल्ली पाठ करायला त्यांना वेळ मिळाला. शेवटी काहीच दिसेना झालं तेव्हा पाय तयार झालेले होते. सकाळी एकटेच निघायचे. पिठाच्या गिरणीचा आवाज कानाशी आला की वळायचं, तिथून पायाखाली उतार लागला की राजेश्वराचं देऊळ, पुढं दगडी पूल. पुलावर उभं राहून नदीचा वास घ्यायचा. आता नदी म्हणजे जलकुंभीचं शेत, वास कसला घ्यायचा त्यात, पण ते घ्यायचे. परत येताना चहा, पेपर वाचून दाखवणारा एक मित्र, चार लोकांशी भांडण. लोक विचारायचे, पावलं मोजता का हो? ते चिडायचे. "पावलं कायले मोजू? गल्ली काय कापड हाय?" दोन्ही बाजूंच्या भिंती त्यांना तोंडावर कळत. भिंत जवळ आली की हवा अडते, म्हणायचे. माझा आधी विश्वास बसत नसे. मग एकदा मी स्वतः डोळे मिटून चालून पाहिलं आणि सायकलवर आपटले.

घर तीन भावांचं होतं. मधले दीर अमरावतीला, धाकटे तेल्हाऱ्याला कापसाच्या धंद्यात. ते वाईट होते असं लिहायला मला आवडलं असतं, म्हणजे सोपं गेलं असतं. पण नव्हते. इतकी वर्षं आम्ही तिथं राहिलो, कुणी कधी भाडं मागितलं नाही की टोमणा मारला नाही. आता त्यांची मुलं शिकायला बाहेर होती, खर्च होता, म्हणून घर विकायचं निघालं. रीतीप्रमाणे शेजाऱ्यांना आधी सांगितलं, कुणाला नको होतं. एका व्यापाऱ्याला गोदामासाठी जागा हवी होती. दिवाळीनंतर ताबा द्यायचा ठरलं. आम्ही हो म्हटलं. मनात हिशेब असा की आपल्या वाट्यात याच गल्ल्यांत कुठंतरी लहानसं जुनं घर घेऊ. खाली असावं, जिना नसावा आणि यांच्या पायांच्या टप्प्यात असावं. एवढंच मागणं होतं.

घर शोधायला निघाले आणि तेव्हा मला कळलं की जुन्या घराला बाजारात किंमतच नसते. किंमत फक्त खालच्या मातीला. दलाल घर दाखवायला नेई आणि घराकडे पाठ करून उभा राही. "ताई, घर कायले पाहता, रोड पाहा. गाडी आत येते." मी आत जाऊन भिंतीला हात लावून पाहत होते, मोरी कुठं आहे, ऊन कुठून येतं. त्याला त्याची गंमत वाटायची. एकदा त्यानं विचारलंच, "राहाले घेता काय?" मी हो म्हटलं तर असा पाहत राहिला, जणू मी त्यात स्वतःला पुरून घ्यायला निघाले आहे. सागवानी दारं-खांब फर्निचरवाले घेऊन जातात, बाकी पाडायचं, हा त्याचा धंदा. एका घराचा जिना शिडीसारखा होता. एका घराच्या पाच वारसांपैकी एक कुठं गेला ते बाकीच्या चौघांनाही माहीत नव्हतं. एक घर चांगलं होतं, पण ते मी मनात पसंत करेपर्यंत विकलं गेलं.

खरं सांगायचं तर माझा जीव एकाच घरावर होता. आमच्या मागच्या भिंतीला लागून मावशीचं घर. आमची नात्याची नव्हे, सगळी गल्लीच तिला मावशी म्हणायची. फुलवाल्यांचं घर. नवरा गेल्यावर ती एकटीच राहायची आणि ओट्यावर बसून हार करायची. दोन्ही मुलं अमरावतीला लग्नाच्या मंडपांना फुलं पुरवत. फिरून आले की हे रोज तिच्या ओट्यावर टेकायचे. ती यांच्यापुढं झेंडूचा ढीग टाकायची आणि हे देठ खुडत गल्लीची सगळी बातमी ऐकायचे. दोन खोल्या, मागं अंगण, उंबरठ्याशिवाय पायरी नाही. मुलं तिला न्यायला मागं लागली होती आणि यंदा ती जाणार हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

मी यांना म्हटलं, मी विचारते.

"तू तोंड नको उघडू," हे म्हणाले. "एकटी बुढी हाय. घर विकतं का म्हणशीन, त तिले वाटन, हे माह्या जायची वाट पाहून राह्यले. तिले विकाचं असन त आधी आपल्यालेच सांगन. भिंतीले भिंत हाय."

त्यांचं खरं होतं. मलाही तसंच शिकवलं होतं. माझं माहेर वलगावचं, तिथंही हेच. म्हणून मी विचारलं नाही, नुसती भोवती घिरट्या घालत राहिले. हार आणायला जायची आणि म्हणायची, मावशी, तुमची खोली किती थंड आहे. ती म्हणायची, "थंड हाय वं." मग मी हार घेऊन परत. कधी ती विचारायची, "तुमचं जमलं काय कुठं?" मी म्हणायची, पाहणं चालू आहे. ती मान हलवायची आणि सुई पुन्हा फुलात घालायची. विचारताना तिचा हात थांबलेला असायचा, हे मी पाहत होते. त्याचा अर्थ मी भलताच लावला. मला वाटलं, तिला आमच्याशी सौदा नको आहे.

दसरा गेला. दीर फोनवर चाचरत घर रिकामं करायची तारीख विचारायला लागले. शेवटी बायपासच्या पलीकडं, शेतात प्लॉट पाडून झालेल्या एका लेआउटमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही धरला. लिफ्ट होती. लिफ्ट आहे, लिफ्ट आहे, असं मी यांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी ते म्हणाले, "बरं वं, लिफ्टमंदी फिरीन."

आम्ही इसार दिला, आणि त्याच आठवड्यात दलालानं रस्त्यात सांगितलं, तुमच्या मागचं घरही त्याच व्यापाऱ्यानं घेतलं, दोन्ही जागा एक करून मोठं गोदाम बांधतो आहे. मी भाजीची पिशवी तिथंच खाली ठेवली. घरी कशी आले आठवत नाही.

संध्याकाळी मावशी स्वतः आली. आतल्या खोलीत हे खाटेवर होते. ती दारातच बसली.

"मावशी, घर देलं म्हणे," मी म्हटलं. माझा आवाज चांगला नव्हता.

"देलं वं."

"आमाले नाई सांगतलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी कुठं विचारलं?"

मग तीच बोलली. "मी रोज वाट पाहो. आज म्हणन, उद्या म्हणन. तुमचं घर सुटून राह्यलं, त्यायचे डोये असे. अशात म्या म्हणलं असतं का माह्यं घर घ्या, त तुमाले नाई म्हणता आलं असतं काय? मी सांगतला थो भाव देला असता तुमी. अडल्या माणसाले भाव सांगू नये बाई. आमच्या घरची रीत हाय ते."

"मंग त्याले कसं देलं?"

"त्यानं विचारलं," मावशी म्हणाली. "दारात आला, अन् म्हणे, मावशी, विकता का?"

तो बाहेरचा माणूस. त्याला आमचा नियम माहीत नव्हता, म्हणून त्यानं सरळ विचारलं आणि घर घेऊन गेला. आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकींचा मान राखत बसलो होतो.

मावशी रडायला लागली. अजून रजिस्ट्री नाही झाली, म्हणाली, इसार वापस करू, पोरांना मी समजावून सांगते. माझ्या जिवात जीव आला. मी तिचे दोन्ही हात धरले. आमचा फ्लॅटचा इसार बुडला असता तर बुडू दे, असं मी मनात ठरवूनही टाकलं. तेवढ्यात आतून यांचा आवाज आला.

"मावशी, इसार घेतला ना? मंग झालं. जुबान देल्ली हाय तुमी. माह्यासाठी नका मोडू."

"तुमच्यासाठी नाई त कोणासाठी?" मी ओरडले. त्यांच्यावर मी कधी तशी ओरडले नव्हते.

त्यांनी मावशीला विचारलं, चहा झाला का? सौदा मोडायला त्यांनी नाही म्हटल्यावर पुढं बोलायची मावशीची छाती नव्हती, ती डोळे पुसत घरी गेली. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की त्यांचं ताट त्यांच्यापुढं आदळत होते. एखादा लबाड असता, कुणी फसवलं असतं, तर चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. इथं सगळे चांगलेच वागले. हे अजूनही माझ्या घशाखाली उतरत नाही. चांगुलपणाचं काय करायचं असतं, तो कुठं नेऊन विकायचा असतो, मला कुणी सांगावं.

लेआउटमधले रस्ते रुंद आहेत. प्लॉट बरेच रिकामे, गाजरगवत माजलेलं, वारा चारी बाजूंनी येतो. चहाची टपरी पार बायपासला. पहिल्या दिवशी आम्ही खाली उतरलो, थोडं चाललो. हे तोंड इकडं-तिकडं फिरवत होते. "इथं हवा कुठंच अडत नाई वं," म्हणाले. मग एक गाडी मागे घेताना अगदी जवळ आली आणि ते घाबरले. यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर खाली जायचं नाव नाही. बाल्कनीत खुर्चीवर बसून राहायचे. रोज दाढी करणारा माणूस, आठ-आठ दिवस करेना. फोनवर कुणी नव्या घराचा पत्ता विचारला तर म्हणत, "बायकोले विचारा." मावशीचा अमरावतीहून फोन यायचा. ती तिसऱ्या मजल्यावर होती, पोरं तिला गाड्यांच्या धास्तीनं खाली उतरू देत नव्हती. दोघं फोनवर नुसते हुं हुं करायचे.

उन्हाळा लागायच्या आधी एका रविवारी मी ऑटो केला आणि यांना दगडी पुलाशी उतरवलं. न विचारता नेलं होतं, विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. पुलाचा कठडा हाताला लागला आणि यांची मान वर झाली. नाकानं नदी घेतली. मग चालायला लागले. मला मागं टाकून. देवळापाशी कुणीतरी हाक मारली, त्याला यांनी शिवीच दिली, प्रेमानं. चढ चढले. गिरणी सुरू होती. मी मागून चालत होते आणि मला वाटलं, दर रविवारी आणू यांना, जमेल हे, का नाही जमणार? तशी मी हिशेबी बाई आहे, ऑटोचे पैसे कुठून काढायचे तेही ठरवलं.

गिरणीशी ते वळले आणि चार पावलांवर थांबले.

आमचं घर आणि मावशीचं घर, दोन्ही पाडलेली होती. गोदाम अजून उभं राहिलं नव्हतं. मोकळी जागा, त्यात विटांचे ढीग, आणि नदीकडून येणारा वारा सरळ गल्लीत घुसत होता. मला माहीत नव्हतं. म्हणजे पाडणार हे माहीत होतं, पण पाडलं हे माहीत नव्हतं.

यांनी तोंड डावीकडं केलं, उजवीकडं केलं. हात पुढं केला. हाताला काही लागलं नाही.

"आपण कुठं आलो वं?"

"आपल्या गल्लीत."

"नाई," हे म्हणाले. "चुकलो मी. ही आपली नाई."

मी सांगितलं, आपलीच आहे, घर पाडलं आहे, मावशीचंही. त्यांनी ऐकलं. मग मला म्हणाले, ऑटो पाहा.

ऑटोत बसल्यावर ड्रायव्हरनं कुठं जायचं विचारलं. मी सांगणार तोच यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं. "आपल्या थ्या फ्लॅटचा पत्ता काय हाय?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी सांगितला. त्यांनी तो ड्रायव्हरला सांगितला, आणि पूर्ण रस्ताभर ओठांतल्या ओठांत म्हणत राहिले, पाठ होईपर्यंत. मी त्यांच्याकडं तोंड करून रडत होते. पदर लावायची गरज नव्हती.