सरळ रेषेत एक तास दहा मिनिटं

जावयाला मी फोनवर झापलं, तेही इंटरनेटवरच्या एका पानाच्या भरवशावर. तेव्हा मी जेमतेम साठीची होते. अक्कलदाढ पडून गेली होती, अक्कल अजून यायची होती.

मुलगी आणि जावई कॅनडाच्या पार उत्तरेला, बर्फातल्या एका खेड्यात राहत. ती नर्स, तो शाळेत शिक्षक. तिकडे खेड्यात बाळंतपण करत नाहीत. दिवस भरत आले की बाईला विमानात बसवून मोठ्या गावी पाठवतात. तशी ही एकटीच तिथे जाऊन राहिली होती. माझ्या व्हिसाचं काही जमेना. हे नुकतेच गेलेले. मी कर्जतच्या घरात एकटी, ती तिथल्या खोलीत एकटी, आणि फोनवर दोघीही एकमेकींना मजेत आहे म्हणून सांगायचो.

एका दुपारी नव्या मोबाइलवर मी त्यांच्या खेड्यातल्या आणि त्या मोठ्या गावच्या विमानतळांची नावं टाकली. अंतर आलं, खाली विमानाचा वेळ: एक तास दहा मिनिटं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लगेच फोन लावला.

"जावईबापू, आमच्याकडची माणसं कशेळ्याहून रसायनीला रोज कामाला जातात, त्यांना याहून जास्त वेळ लागतो. तुम्हाला बायकोकडे जायला होत नाही?"

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. बघतो आई, एवढंच तो म्हणाला.

खरं काय ते मला नंतर कळलं. ते अंतर म्हणजे कुणीतरी आकाशात दोरी ताणून मोजलेलं. त्या दोरीवरून एकही विमान जात नव्हतं. आधी तिसऱ्याच गावी उतरायचं, तिथे मुक्काम, मग पुढचं विमान. धुकं पडलं की तेही नाही. तो बिचारा रोज बॅग घेऊन विमानतळावर जायचा आणि परत यायचा. माझा फोन आला तेव्हाही तो तिथूनच घरी चालला होता.

आणि हे न कळायला मी काय सपाटीवरची? राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचं कोंडाणे गाव माझं माहेर. अंगणातून राजमाची अशी दिसते, की हाक मारली तर वरचं माणूस ओ देईल. चढायला लागा, मग कळतं. एखादा पाहुणा "हा काय, इथंच तर हाय किल्ला" म्हणाला की आम्ही पोरी तोंड लपवून हसायचो. साठाव्या वर्षी तो पाहुणा मीच झाले.

नात झाली तेव्हा जावई त्या तिसऱ्या गावात अडकलेला. मुलीने सगळं एकटीने निभावलं. तो पोचल्यावर मी तिला फोन केला, त्याला काय काय बोलले ते सगळं सांगितलं आणि माफी मागायला लागले. तिने मला मधेच थांबवलं आणि म्हणाली,

"आई, माफी त्याची माग, माझी नको. माझ्यासाठी कुणाशी भांडणारं माणूसच नव्हतं गं इथं."