ती ऐकत नाही

सत्तरच्या दशकात आमच्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर गावाजवळच्या एका सरकारी शाळेत मी पहिलीचा वर्ग घेत होते. मी एकवीस वर्षांची, वर्गात चाळीसच्या वर मुलं. त्यांत आमच्यासारख्याच मराठी घरातली एक मुलगी होती. हाक मारली तर वळायची नाही. प्रश्न विचारला की शेजारणीच्या पाटीकडे बघायची. मी तिला आधी मठ्ठ ठरवलं, मग हट्टी, आणि मागच्या बाकावर बसवलं. दोनदा हातावर पट्टीही मारली. दुसऱ्या वेळी तिनं मी काही बोलायच्या आतच हात पुढे केला होता.

शाळा सुरू झाली तेव्हा तिची आई मला भेटून गेली होती. उसाच्या शेतातून थेट आलेली, हातांवर पातीचे ओरखडे. एरवी सगळे क्रेओलच, बेटावरची फ्रेंच वळणाची बोलीच, बोलायचे. पण मी मराठी घरातली मिस, म्हणून मान राखून ती मराठीत बोलली.

"मिस, पोरगी आयकत नाय. जरा सांभाळून घ्या."

"काळजी करू नका," मी म्हणाले, "माझ्या वर्गात सगळी ऐकायला लागतात."

ती जरा घुटमळली आणि हात जोडून गेली.

तिनं क्रेओलमध्ये 'पा तांदे', म्हणजे ऐकू येत नाही, असं म्हटलं असतं, तर मला तिथंच कळलं असतं. क्रेओलमध्ये कानांना ऐकू न येणं वेगळं आणि सांगितलेलं न ऐकणं वेगळं. आपल्याकडे दोन्ही एकाच शब्दात मावतं. मला हवा होता तो अर्थ मी घेतला.

मग जुलैत, आमच्याकडच्या थंडीच्या दिवसांत, माझा घसा पार बसला. रजा न घेता मी शाळेत गेले. चित्रं दाखवत, हातवारे करत, मुलांकडे तोंड करून नुसते ओठ हलवत शिकवलं. मुलांना गंमत वाटली. आणि त्या दिवशी मागच्या बाकावरून पहिल्यांदा हात वर झाला. एकदा नाही, चार-पाचदा. प्रत्येक उत्तर बरोबर.

मधल्या सुट्टीनंतर मी तिच्या मागे जाऊन पाट्यांचा गठ्ठा जमिनीवर टाकला. सगळा वर्ग दचकून वळला. ती शांतपणे अक्षर गिरवत राहिली.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आईनं पाट टाकला, चहा दिला. "तापात कान गेले. तीन वरसांची होती," ती म्हणाली. "तुमाला सांगितला होता ना, मिस?"

त्यात राग नव्हता. मग तिनंच मला शिकवलं. उजेड तोंडावर घेऊन उभं राहायचं. फळ्याकडे वळून बोलायचं नाही. ओरडायचं नाही, ओरडलं की ओठ वाकडे होतात. आधी खांद्याला हात लावायचा, मग बोलायचं.

मी तिला पुढे बसवलं. वर्ष संपायला थोडेच महिने उरले होते. पुढच्या वर्गाच्या मास्तरांना सगळं समजावलं, तर ते म्हणाले, "एवढ्या मुलांत एकीसाठी मी नाटक करत बसू?" पण जानेवारीत नवा वर्ग सुरू झाला तेव्हा ते आले ते ओठांवर आलेली दाट मिशी कापून. नंतरच्या शिक्षकांना सांगायला मात्र मी नव्हते; माझी बदली उत्तरेला झाली होती. सहावीच्या परीक्षेत ती नापास झाल्याचं मला उडत उडत कळलं.

ऐंशीच्या दशकात उत्तरेतल्याच त्रियोले गावच्या बसथांब्यावर एका तरुणीनं माझ्या खांद्याला हात लावला. तीच होती. स्वेटरच्या कारखान्यात कामाला होती. शब्द जरा घोगरे येत होते, पण स्पष्ट. बोलता बोलता मी विचारलं, "पहिलीतलं काही आठवतं का गं?"

"मला वाटायचं, सगळी जणं तोंड हलवायचा खेळ खेळतात," ती म्हणाली. "मलाच कोणी शिकवत नाही. मी घरी आरशासमोर बसून करून बघायची."

मी तिची माफी मागितली. ती हसली. "तुम्ही पण लहानच होता, मिस." तेवढ्यात तिची बस आली.

तिनं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. ती आरशासमोर बसलेली मी कधी पाहिली नाही, तरी भरल्या वर्गात शिकवताना मध्येच ती मला दिसते, सहा वर्षांची, आवाजाशिवाय तोंड उघडणारी, आणि माझं वाक्य अर्ध्यावर तुटतं.